तिचं ताट मी वाढते

घरातलं एक मूल जेवेनासं झालं की सगळं घर त्याच्या ताटाकडे बघायला लागतं. आधी चोरून, मग उघड. आजी येता-जाता विचारते, "खाल्लं का गं काही?" बाबा बोलत काही नाहीत, पण नजरेनं घास मोजत असतात. धाकटा भाऊ पटापट जेवून उठतो, कारण पुढे काय होणार ते त्याला पाठ झालेलं असतं. आणि जिच्यावर एवढे डोळे लागलेले असतात ती मुलगी ताटातला एक तुकडा कडेकडून मध्ये आणि मधून पुन्हा कडेला सरकवत बसते.

माझ्या लेकीला शाळेत असताना वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडायला लावणारा मानसिक आजार, म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया झाला. डॉक्टर, थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ सगळे होते. पण आठवड्यातला एखादा तास त्यांचा, बाकीची सगळी जेवणं आमची. आजाराबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं. संध्याकाळ होत आली आहे, तासाभरात ताटं मांडायची आहेत आणि पोटात गोळा आला आहे, अशा वेळी नेमकं काय करायचं ते फार कमी ठिकाणी सापडतं. त्याबद्दल लिहायचं आहे. कॅलरींचे किंवा किलोंचे आकडे मात्र मुद्दाम घालणार नाही. हा आजार असल्या आकड्यांवर पोसला जातो, आणि हे लिखाण उद्या कुणाच्या मुलीच्या किंवा मुलाच्या हातात पडेल ते सांगता येत नाही. (हो, मुलग्यांनाही होतो. त्यांच्या बाबतीत घरच्यांना शंकाच उशिरा येते.)

ती तुकडे करायची. नखाएवढे, मग त्याचेही दोन. एक तुकडा तोंडात गेला की बोटं पुसायची, तेल लागलेलं नसलं तरी. मग पाण्याचा घोट. मग चमचा खाली, ताटाच्या कडेला अगदी समांतर, आणि जरा तिरका झाला की पुन्हा सरळ. तोवर जेवण गार व्हायचं आणि गार झालेलं ती आणखी हळू खायची. त्याच दिवसांत ती तासन्‌तास पाककृतींचे व्हिडिओ बघायची, आमच्यासाठी काहीबाही करायची, सगळ्यांनी ते पोटभर खावं म्हणून मागे लागायची, आणि स्वतः चमचाही चाटायची नाही. हे पाहणाऱ्याला एकच शब्द सुचतो: नाटकं.

ही नाटकं नव्हेत, याचा मला पटलेला सगळ्यात भक्कम पुरावा या आजाराच्या बाहेरचा आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हा प्रश्न समोर होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं नोव्हेंबर १९४४मध्ये एक प्रयोग सुरू केला. तत्त्व म्हणून शस्त्र हाती धरायला नकार दिलेले ३६ तरुण त्यासाठी स्वतःहून पुढे आले. शरीरानं आणि मनानं धडधाकट, पारखून घेतलेले. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आलं.

त्या पुरुषांना बारीक व्हायचं नव्हतं, आरशाची भीती नव्हती. तरीही काही आठवड्यांत ते अन्नाशी खेळायला लागले. तुटपुंजं जेवण ताटात चिवडत, लांबवत बसायचे. पूर्वी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेले लोक पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचायला लागले. थंडी सोसेना, विनोद आटला, मित्र नकोसे झाले, लक्ष लागेना. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या पुढचा भाग. अन्न वाढवल्यावरही त्यांची मनं लगेच ताळ्यावर आली नाहीत. आठवडेच्या आठवडे चिडचिड, उदासी राहिली. काहींची तर वाढली. १९५०मध्ये या सगळ्याचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध झाले.

अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे नुसती उपासमार नाही. त्यात वजन वाढण्याची जिवघेणी भीती असते, आणि आपण आजारी आहोत हेच मुलाला दिसत नाही. पण टेबलाशी जे दिसतं, त्यातलं बरंचसं उपाशी मेंदूचं काम असतं, हे एकदा कळलं की आईबापांच्या बोलण्यातली धार आपोआप कमी होते. आणि दुसरंही कळतं. उपाशी मेंदूशी वाद घालून त्याला पटवता येत नाही. "अगं, पण तुला कळत कसं नाही" याला उत्तरच नसतं, कारण कळायला जे लागतं ते अन्नातूनच यायचं असतं. आधी पटेल, मग खाईल, असा क्रम आपल्याला शहाणपणाचा वाटतो. इथे तो उलटा आहे.

पोट फुटतंय, ही तक्रारही खरीच असते. दीर्घकाळ कमी खाल्लं की जठर सुस्तावतं, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, पोट फुगतं, दुखतं. त्यामुळे "काही दुखत वगैरे नाही तुझं" असं म्हणू नये. दुखतंय आणि तरी खायचं आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात. नियमित जेवण सुरू राहिलं की हे दुखणं हळूहळू जातं.

हे घरी कुणी करायचं, यावर डॉक्टरांचं मत मात्र फार काळ आमच्या विरुद्ध होतं. १८७०च्या दशकात लंडनच्या विल्यम गल यांनी या आजाराला आज प्रचलित असलेलं नाव दिलं, आणि त्याच निबंधात लिहून ठेवलं की अशा रुग्णाची शुश्रूषा करायला नातेवाईक सगळ्यात वाईट. पुढची शंभर वर्षं तोच सूर राहिला. मुलीला घरापासून तोडा, आईबापांना लांब ठेवा. विसाव्या शतकात त्यात आणखी भर पडली: आईच फार गुंतलेली, घरच फार घट्ट, म्हणून मूल असं झालं. कितीतरी आया हे ओझं घेऊन गेल्या असतील.

वारं फिरलं ते लंडनच्याच मॉड्सली हॉस्पिटलमध्ये. तिथल्या गटानं १९८७मध्ये ८० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा आजार कमी वयात सुरू झाला होता आणि फार जुना नव्हता, त्यांना घरच्यांना सोबत घेऊन केलेल्या उपचारांचा जास्त फायदा झालेला दिसला. पुढे त्यातूनच घरावर आधारलेली उपचारपद्धत उभी राहिली. पहिल्या टप्प्यात खाण्याची सगळी जबाबदारी पालकांची, दुसऱ्यात ती थोडी थोडी मुलाच्या हाती परत द्यायची, तिसऱ्यात आजारापलीकडचं, वाढत्या वयाचं आयुष्य. २०१०मध्ये अमेरिकेत १२१ किशोरवयीन रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. उपचार संपल्यानंतर वर्षभरानं, या पद्धतीनं उपचार घेतलेल्यांपैकी जवळपास निम्मी मुलं पूर्ण बरी होती. एकट्या मुलासोबत बसून केलेल्या थेरपीत हे प्रमाण पाव भागाहूनही कमी होतं. निम्मी म्हणजे सगळी नव्हेत, हे मी विसरत नाही. आणि आईला दिलेल्या दोषाचं म्हणाल, तर २०१९मध्ये जनुकांचा मोठा अभ्यास झाला आणि या आजाराशी निगडित आठ जागा सापडल्या, त्यातही शरीराच्या चयापचयाशी जोडलेले धागे दिसले.

हा इतिहास मी सांगते, कारण त्याचा संबंध ताट वाढणाऱ्या हाताशी आहे. "माझ्यामुळेच झालं हे" असं मनात घेऊन बसलेली आई ताटात कमी वाढते. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं की अर्धं काढून घेते. अपराधी वाटणाऱ्या माणसाला ठाम राहता येत नाही, आणि या टेबलाला ठाम माणूस लागतो.

पण घरी ताट मांडण्याआधी डॉक्टर, हे मी ज्याला त्याला बजावून सांगते. नाडी, रक्तदाब, शरीराचं तापमान, ईसीजी, रक्ततपासणी. जागेपणी नाडी मिनिटाला ५०च्या खाली जात असेल, उभं राहताना चक्कर येत असेल, पाणीही बंद झालं असेल, तर हे घरचं काम नाही, हॉस्पिटलचं आहे, आणि आजच. बराच काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरतं आणि हृदयावर ताण येतो. किती आणि कशा वेगानं वाढवायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं. मानसिक आजारांत सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्या आजारांपैकी हा एक आहे. "वयच तसं आहे, जाईल आपोआप" असं म्हणून थांबण्यासारखा तो नाही.

आता टेबल. माझं म्हणणं एवढंच आहे की या मुलांना निवडायला लावणं हीच त्यांना दिलेली सगळ्यात मोठी शिक्षा असते. "काय खाशील? किती वाढू? तुला हवं तेवढंच घे," या प्रश्नांत आपण प्रेम ओततो. आजारी मुलाला त्यात ऐकू येतं ते वेगळंच. एक चमचा जास्त मागितला, तर तो आपण मागितला. त्याचा दोष आपला, आणि त्याची सजा डोक्यातला आजार रात्रभर देणार. म्हणून ताट पालकांनी वाढायचं. काय, किती, केव्हा, तिघांचं उत्तर पालकांकडे. बरं वाटायला लागल्यावर लेक एकदा मला म्हणाली, "तू ताट आणून ठेवायचीस ना, तेव्हा तुझा इतका राग यायचा. पण मग मला त्या आवाजाला सांगता यायचं, की हे मी नाही घेतलं, आईनं वाढलंय." मला वाटतं, पालकांना जे काही द्यायचं असतं ते सगळं या वाक्यात आहे. मुलाच्या डोक्यावरचा आरोप आपल्या डोक्यावर घ्यायचा.

त्यासाठी आधी मोठ्यांचं एकमत लागतं. आई म्हणते संपव, बाबा म्हणतात राहू दे आता, या फटीतून आजार बरोबर बाहेर निसटतो. मतभेद असतील तर ते खोलीचं दार लावून, जेवणाआधी. टेबलावर एकच आवाज. ताट वाढताना मूल स्वयंपाकघरात नको. तेल किती घातलं यावर पहारा सुरू झाला की जेवणाआधीच सगळे दमतात. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी, वेळा ठरलेल्या, काहीही झालं तरी. अन्न हे इथे औषध आहे, आणि औषधाचा डोस "आज नको वाटतंय" म्हणून कुणी चुकवत नाही. जेवणाला साधारण अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं, अशी मुदत बरेच उपचारक देतात. वेळ उलटला आणि ताट उरलं, तर त्याऐवजी काय द्यायचं तेही आधीच ठरलेलं असावं. त्या क्षणी ठरवायला बसलं की घासाघीस सुरू होते.

मी तिच्या शेजारी बसायचे, समोर नाही. समोर बसलं की बघणं होतं, शेजारी बसलं की सोबत होते. आमचं बोलणं साधारण असं चालायचं:

"पोट फुटेल माझं."

"दुखतंय ना, कळतंय मला. घास घे."

"तुला मला जाडं करायचंय."

"मी इथेच बसलेय. घास घे."

"तुम्ही सगळे माझा तिरस्कार करता!"

"आत्ता फार अवघड जातंय तुला. पुढचा घास."

वाचताना हे कोरडं वाटेल. पण लांब वाक्य म्हणजे वादाला आमंत्रण. पौष्टिकतेवर भाषण नको, शाळेत घसरलेल्या मार्कांची आठवण नको, आजीची तब्येत तुझ्यामुळे खालावली वगैरे तर मुळीच नको. थोडंच बोलायचं, खालच्या पट्टीत, आणि तेच तेच बोलायचा कंटाळा करायचा नाही. काही घास सलग गेले की विषय भलतीकडे न्यायचा: शेजारच्यांची मांजर, धाकट्याचं नवं कोडं, काहीही. तिचं लक्ष तिकडे गेलं की हात आपोआप चालतो.

एकदा तिनं ताट भिरकावलं. भिंतीवर डाग, फरशीवर सांडलेलं, धाकटा दाराआड. तिच्या बाबांनी काही न बोलता फरशी पुसली, मी तेवढंच दुसरं ताट वाढून आणलं. ती रडत रडत जेवली. या आजारात मुलीकडून येणारे शब्द मुलीचे नसतात, असं आम्हाला थेरपिस्टनं सांगितलं होतं. आजार वेगळा, लेक वेगळी. तिच्याशी मऊ राहायचं, त्याच्याशी नाही. ऐकायला सोपं आहे; पण जिला आपण जन्म दिला तिच्याच तोंडून शिव्या येत असताना हा भेद धरून ठेवायला आतून फार बळ लागतं. ते संपत आलं की उठावं, दुसऱ्या मोठ्या माणसानं बसावं. आळीपाळी हवीच. एकटीनं मूल वाढवणाऱ्या आईला हे किती जड जात असेल, या विचारानं मला अजूनही गलबलतं. अशा घरातल्या मावशीनं, काकानं, मैत्रिणीनं "काही लागलं तर सांग" असं म्हणू नये. एक जेवण आपल्याकडे घ्यावं.

कौतुकही जपून. "किती छान दिसायला लागलीस", "गालावर तेज आलं गं" ही वाक्यं तिला "जाडी झालीस" अशीच ऐकू येतात. "वा, सगळं संपवलंस!" हेही टोचतं, कारण संपवणं हाच तर तिच्या मते गुन्हा. घरी येणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवावं लागतं. आणि मोठ्यांनी आपलं डाएट, आपली ढेरी, "आज मी रात्रीचं जेवणार नाही" हे सगळं त्या टेबलावरून कायमचं हद्दपार करावं. नुसतं तिच्यासमोर नव्हे. धाकटा ऐकत असतो.

जेवणानंतरचा तास जेवणाइतकाच महत्त्वाचा. ताट रिकामं झालं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, पण तिच्या डोक्यात तेव्हा कल्लोळ सुरू होतो. उलटी करावीशी वाटणं, जिने चढ-उतर करणं, खोलीत कोंडून घेणं, हे सगळं याच वेळात. आम्ही तिला एकटं सोडायचो नाही. पत्ते, विणकाम, मालिकेचा एक भाग. कधी काहीच नाही, नुसतं तिच्या पाठीवर हात. बाथरूमला जायचं असेल तर जेवणाआधी.

आणि ते दुसरं मूल. आजारी बहिणीच्या घरात शहाणं, गुपचूप मूल होणं फार सोपं असतं. धाकट्याला आम्ही सांगितलं होतं की ताईला जेववणं हे त्याचं काम नाही, ते आई-बाबांचं. त्याचं काम एवढंच की जेवताना नेहमीसारखं बडबडायचं, आणि तेही जमलं तर. आठवड्यातून थोडा वेळ फक्त त्याचा, ज्यात ताईचं नाव निघायचं नाही.

प्रत्येक न खाणाऱ्या मुलाला हेच लागू होतं असं समजू नका. काही मुलांना वजनाची भीती नसतेच. त्यांना अन्नाचा वास, गिळगिळीतपणा सहन होत नाही, किंवा एकदा घास अडकल्यापासून गिळण्याचीच दहशत बसलेली असते. २०१३पासून त्याला एआरएफआयडी (अन्न टाळण्याचा किंवा मोजकंच खाण्याचा विकार) असं वेगळं नाव आहे, आणि तिथे नव्या पदार्थाची ओळख अगदी सावकाश करून द्यावी लागते. खा-खा करून उलट्या काढणाऱ्या मुलांना आपलं काहीतरी बिनसलंय हे बहुधा स्वतःलाच जाणवत असतं; त्यांना सोबत घेऊन जास्त ठरवता येतं. ज्या घरात मारहाण आहे, तिथे तर हे टेबल मुळीच मांडू नये. आणि सगळं नीट करूनही पहिल्या महिनाभरात शरीर सावरताना दिसत नसेल, तर आणखी जोर लावत बसू नका, उपचार करणाऱ्यांना लगेच सांगा. सुरुवातीच्या आठवड्यांत वजन वाढू लागलं तर पुढे बरं होण्याची शक्यता जास्त असते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे तिथे वाट बघत राहणं महागात पडतं.

परत देण्याचा टप्पा मला घेण्याच्या टप्प्याहून कठीण गेला. आधी मधलं एक खाणं, मैत्रिणीसोबत, माझ्या नजरेआड. मग आठवड्यातून एका जेवणाला तिनं स्वतः वाढून घ्यायचं आणि मी बघायचं. ती कमी वाढायची. मी काही न म्हणता एक चमचा वाढवायचे. ती माझ्याकडे बघायची आणि खायची. असं करत करत चमचा वाढवायची गरज कमी होत गेली. पण सरळ रेषेत नाही. परीक्षा आली, मैत्रिणीशी भांडण झालं, एखाद्या आजारपणात वजन थोडं उतरलं, की जुना आवाज दारात येऊन उभा. तेव्हा काही दिवस पुन्हा ताट माझ्याकडे.

आता ती मोठी झाली आहे. आम्ही दोघींनी बसून एका कागदावर लिहून ठेवलंय की कोणत्या खुणा दिसल्या तर मी विचारायचं: मधलं खाणं सलग चुकायला लागलं, कपडे एकदम ढगळ झाले, इतरांसाठी फार रांधायला लागली, चमचा पुन्हा समांतर ठेवायला लागली. शेवटची खूण तिनं स्वतः लिहिली. यातल्या दोन दिसल्या तर डॉक्टरांची वेळ घ्यायची आणि वाढणं माझ्याकडे, वाद न घालता. त्या कागदाखाली तिची सही आहे.